गव्याचे पांढरे मोजे

मागच्या दिवाळीआधी मला एका मुलांच्या अंकासाठी बिगफूट काढायचं काम आलं, म्हणजे अमेरिकेच्या जंगलात दिसतो असं म्हणतात तो दोन पायांवर चालणारा, केसाळ, अवाढव्य प्राणी. एरवी मी काय काढते, तर वर्कबुकमधले ससे, पोपट, आणि ते 'दोन चित्रांतले फरक ओळखा'वालं घर, ज्यात एका घराच्या धुराड्यातून धूर येतो आणि दुसऱ्याच्या येत नाही. त्यामुळे बिगफूट म्हणजे चैनच. पैसे नेहमीचेच (ते विचारू नका), पण मी फोनवर लगेच हो म्हटलं आणि चहा टाकून रेफरन्स शोधायला बसले.

आता सशाचा रेफरन्स म्हणजे ससा. बिगफूटचा काय? शेकडो चित्रं मिळाली, पण सगळी भावंडंच. बाई म्हणा, बुवा म्हणा, जे काय आहे ते डावीकडून उजवीकडे चाललंय, लांब हात झुलतायत आणि जाता जाता मान वळवून आपल्याकडे बघतंय, कोणीतरी मागून हाक मारल्यासारखं. हे सगळं येतं एका फिल्मवरून. २० ऑक्टोबर १९६७, कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडचं ब्लफ क्रीक, रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन हे दोघं घोड्यावरून फिरत होते आणि पॅटरसनच्या हातात भाड्याचा कॅमेरा. मिनिटभराची हलणारी, थरथरणारी फिल्म. त्यातली ३५२ नंबरची फ्रेम म्हणजे तो मागे वळून बघणारा क्षण, जो पुढे टीशर्टपासून कॉफी मगपर्यंत सगळीकडे गेला.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. मला जे माहीत नव्हतं ते म्हणजे पॅटरसन स्वतः चित्रं काढायचा. १९६६ साली, म्हणजे फिल्मच्या आदल्या वर्षी, त्याने याच प्राण्यावर एक पुस्तक काढलं होतं आणि त्यात चित्रं त्याचीच. त्यातल्या एका चित्रात मादी आहे. आणि वर्षभराने जंगलात जी दिसली तीही मादीच!

आणि त्या चित्राच्याही मागे अजून एक चित्र आहे, त्यात मी खरी अडकले. विल्यम रो नावाचा माणूस. १९५५ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या मायका माउंटनवर त्याला झुडपात काहीतरी दिसलं, आधी वाटलं अस्वल, मग बघतो तर ते दोन पायांवर चालत पुढे आलं, फांदी ओढून दातांनी पानं ओरबाडून खायला लागलं, आणि मादी आहे हेही दिसलं. त्याने बंदूक रोखली आणि परत खाली घेतली, कारण त्याला वाटलं हे माणूसच आहे. दोन वर्षांनी त्याने हे सगळं शपथेवर लिहून दिलं, आणि सोबतचं चित्र काढलं त्याच्या मुलीने. तो सांगतोय, ती काढतेय.

मी या बापलेकीचा विचार करत किती वेळ बसले माहीत नाही, चहाचं पार सरबत झालं. कारण हे काम मी करते ना, मला माहितीय तिथे काय होतं. सांगणारा म्हणतो "मोठं होतं, केसाळ होतं". छान. पण पेन्सिल टेकली की पेन्सिलच प्रश्न विचारायला लागते. कान कुठे? गुडघा किती वाकला? तळवा दिसत होता का? सांगणाऱ्याने त्यातलं निम्मं बघितलेलंच नसतं, आणि कागदावर तर काहीतरी काढावंच लागतं. मग हात काढतो. हाताला जे माहीत असतं ते काढतो.

बरं, मग मी बटर पेपर लावून पॅटरसनची ती फ्रेम ट्रेस केली. कॉलेजात शिकवलेलं, माणूस साडेसात डोक्यांचा, तर इथे डोकं मोजायलाच पंचाईत, कारण मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं, म्हणून वळताना सगळं धडच वळतं. हे मला आवडलं, खोटं करणाऱ्याला सुचणार नाही असं. पण वर बघा, कवटी टोकदार. अशी कवटी गोरिलाच्या नराला असते, जबड्याचे दणकट स्नायू वर धरायला हाडाची उंच कड लागते म्हणून. गोरिलाच्या मादीला सहसा नसते. आणि ही तर मादी! मी पेन्सिल ठेवून दिली. चित्रकाराची चूक मला लांबून वास आल्यासारखी कळते, स्वतः इतक्या केल्यात.

(आपल्याकडे हा त्रासच नाही. आजी सांगायची, रानात चकवा लागला की सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत त्याच झाडाखाली. चकव्याला रूपच नाही, कान नाहीत, गुडघे नाहीत. इलस्ट्रेटरने काय करायचं त्याचं.)

मग मला वाटलं, हे ऐकून काढायचं आपणच करून बघू. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत रानगवा शिरला होता, आठवत असेलच, आणि त्याच्यामागे माणसं धावली, तासन्‌तास, आणि शेवटी पकडल्यावर तो जीवानिशी गेला. तो विषय निघाला की अजूनही मला नीट बोलता येत नाही. पण त्या दिवशी बघितलेली माणसं आमच्याच भागात आहेत. मी तिघांना गाठलं. नियम एकच, "शिंगं कशी होती?" असं विचारायचं नाही, कारण मग शिंगं मीच घातली. फक्त म्हणायचं, सांगा.

खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं हत्तीएवढा! आमच्या गेटपेक्षा उंच." गेट मी रोज बघते, साडेचार फूट असेल. कोपऱ्यावरचे रिक्षावाले काका म्हणाले, "म्हैसच वाटली पहिल्यांदा, पण ताई, म्हशीला असे खांदे नसतात," आणि हाताने हवेत एक उंच वशिंड काढून दाखवलं, इतकी सुरेख रेघ की मी ती तशीच उचलली. आमचे वॉचमन फक्त डोळ्यांबद्दल आणि धापांबद्दल बोलले. "तोंडाला फेस आला होता बिचाऱ्याच्या."

तीन चित्रं काढली. मग गव्याचा फोटो उघडला आणि शेजारी ठेवला.

गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात. एकदम स्वच्छ पांढरे, शाळेतले मोजे चढवल्यासारखे. तिघांपैकी एकानेही पायांचा विषय काढला नव्हता, आणि मी तिन्ही चित्रांत पाय काळे कुळकुळीत रंगवले होते! कोणी सांगितलं होतं मला काळे? कोणीच नाही. त्या दिवशी टीव्हीवर मी स्वतः तो गवा पन्नास वेळा बघितला होता. ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराने १५१५ मध्ये गेंडा न बघता काढला, आपल्या गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला, लिस्बनला उतरलेला गेंडा, वर्णन आणि कोणाचं तरी कच्चं स्केच एवढ्यावर, आणि त्याच्या खांद्यावर एक जास्तीचं शिंग बसवलं. मी त्याला कायम हसायचे. त्याने निदान गेंडा बघितला तरी नव्हता.

मी खाली जाऊन वॉचमनना विचारलं, "काका, पाय कसे होते हो?" ते माझ्याकडे बघत राहिले. "पाय कोण बघतं ताई, मी पळत होतो."

अंकासाठी मी शेवटी बिगफूट पाठमोरा काढला, कारवीत अर्धा बुडालेला. (कारवी तिकडे नसते, माहितीय, पण हात.) दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन, "मॅडम, छान झालंय, पण चेहरा? मुलांना चेहरा लागतो." मग रात्री बसून चेहरा काढला, कान केसांत लपवले म्हणजे तो प्रश्न मिटला. अंक आल्यावर काकूंना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि आत हाक मारली.

"अहो, इकडे या जरा. हिने तुम्हाला काढलंय."

काका आले, बघितलं, आणि मला म्हणाले, "नाक बरोब्बर आलंय गं."

रोज सकाळी लिफ्टमध्ये भेटतात ते मला.