एक रोजरी, दीड किलोमीटर

१ डिसेंबरच्या पहाटे बांद्याहून निघालो तेव्हा आम्ही अकरा जण होतो. दहा जणांच्या पायांत जुन्या, झिजलेल्या चपला आणि माझ्या पायांत नवे कोरे बूट. पेडणं येईपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले.

गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला) चालत जुन्या गोव्याला जाणं आमच्या भागात नवं नाही. सिंधुदुर्गातून, बेळगाव-कारवारकडून लोक वर्षानुवर्षं जातात. २४ नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त. बांद्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. पंढरीच्या वारकऱ्याला हा आकडा ऐकून हसू येईल, येऊ दे.

मी भक्तीने निघाले म्हटलं तर ते खोटं ठरेल. भावाशी जमिनीवरून वर्षभर अबोला होता. रात्री तीनला जाग यायची, हात फोनकडे जायचा, त्याचे जुने मेसेज उघडून मी त्यांना मनातल्या मनात नवी उत्तरं द्यायचे. प्रार्थना सुटली असती तर निदान कळलं तरी असतं. ती सुटली नव्हती. रोजरीचे, म्हणजे आमच्या जपमाळेचे, मणी ओढता ओढता मी वकिलाला सांगायचे मुद्दे जुळवत असे आणि पन्नासावा मणी कधी आला ते कळायचंही नाही.

आमच्यात एक मावशी होत्या, कितव्यांदा चालत होत्या ते त्यांनाही आठवत नव्हतं. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी क्षणभर थांबून पुढे निघालो, तेव्हा पहिली रोजरी सांगायची पाळी माझ्यावर आली. दोन दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे दोन भाग, झाली नाहीत तोच त्या मागून म्हणाल्या, "गो बाय, रोजरी म्हणतंस काय गाडी पकडतंस?"

सगळे हसले. मला राग आला, पण वेग कमी केला. रस्त्यावर रोजरी म्हणण्याची रीत साधी आहे. 'नमो मरिया'चा पहिला भाग एकाने म्हणायचा, उरलेला सगळ्यांनी. म्हणजे निम्मा वेळ तुम्ही नुसतं ऐकायचं. घरी एकटीने म्हणताना हे ऐकणं पार गळून गेलं होतं. पाचही दशकं पावलांच्या ठेक्यावर, घाई न करता म्हटली तर साधारण दीड किलोमीटर होतं, हा माझा हिशोब. पुढे मी अंतर मैलाच्या दगडांवरून मोजेनाशी झाले. "म्हापसा किती राहिलं?" "अजून चार रोजऱ्या."

कोलवाळच्या पुलावर सगळ्यांचे फोन मावशींच्या पिशवीत गेले. तिथून म्हापशापर्यंत बोलणं बंद. हायवेवर मौन कसलं डोंबलाचं, ट्रक अंगावरून जातात. पण आपण बोलायचं थांबलो की बाहेरच्या आवाजाचा त्रास तेवढा होत नाही, हे मला त्या उन्हात कळलं. आतला आवाज मात्र तासभर चालूच होता.

रात्री एका चर्चच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या. बरोबरच्या फादरांनी दिवे घालवून दहा मिनिटांचं आत्मपरीक्षण घेतलं. येशूसंघ या धर्मसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस, त्याने आपल्या येशूसंघीयांना ते दिवसातून दोनदा घालून दिलं होतं, आणि झेवियर तर त्याच्या अगदी पहिल्या सोबत्यांपैकी. आधी आभार मानायचे, मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा आणि दिवस तासातासाने पुन्हा पाहायचा: कुठे देवाजवळ होतो, कुठे दूर गेलो. चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्याचा दिवस त्याच्या हाती द्यायचा. स्वतःला झोडपायचं नाही, असं फादरांनी दोनदा बजावलं.

मला वाटलं, माझा अख्खा दिवस भावाने भरलेला निघेल. तासातासाने पाहिलं तर मौनाच्या त्या दोनेक तासांतला दुसरा तास पूर्ण रिकामा. भाऊ नाही, वकील नाही, सातबारा नाही. का, तर टाचा इतक्या ठणकत होत्या की दुसरं काही आत शिरूच शकलं नव्हतं. अंधारात मला हसू फुटलं. देवाजवळ होते की फोडाजवळ, ते सांगता येणार नाही. पण रिकामा तास सापडला हे खरं.

हल्ली अशा प्रार्थनेची शिफारस लोक झोपेच्या गोळीसारखी करतात. दहा मिनिटं करा, शांत वाटेल. माझ्या बाबतीत बऱ्याच रात्री तसं काही वाटत नाही. दिवस मात्र नीट पाहिला जातो, आणि मला तेवढं पुरतं.

३ तारखेला अंधारातच पणजीहून निघालो. रायबंदरकडे जाणारा तो लांबलचक जुना पूल पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधला. डावीकडे मांडवी, उजवीकडे खारफुटी आणि मिठागरं. भरतीचं पाणी दगडांना लागत होतं. बायबलमध्ये फिलिप्पी शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील. हे त्याने तुरुंगातून लिहिलं. 'राखील' या शब्दावरून लहानपणी मला नेहमी भाताच्या शेतातली राखण आठवायची. राखणीला बसलेला माणूस पाखरं मारत नाही. ती येतात, तो हाकलतो, ती पुन्हा येतात. संध्याकाळपर्यंत त्याचं एवढंच काम. माझी तीन वाजताची पाखरं कायमची जातील अशी आशा धरून मी निघाले होते, आणि त्या पुलावर मला माझीच थोडी लाज वाटली.

रायबंदर सोडून जुन्या गोव्यात शिरलो तोवर रस्ता माणसांनी भरला होता. १५४२ साली गोव्यात आल्यावर झेवियर याच शहराच्या गल्ल्यांतून घंटा वाजवत पोरांना प्रार्थना शिकायला बोलवायचा. झेवियरचं शव ठेवलेल्या बॉम जेझू चर्चच्या लाल जांभ्या दगडासमोर, उघड्यावर, मिस्सा (सामुदायिक उपासना) सुरू झाली. शांतिचिन्हाच्या वेळी शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून हात जोडले आणि तोंडातून भावाचं नाव निघता निघता राहिलं. त्याला क्षमा केली असं मी म्हणणार नाही. जमिनीचा वाद आजही आहे. मावशींनी फोन परत दिला तेव्हा त्यावर त्याचा काहीही निरोप नव्हता, आणि मीही काही पाठवलं नाही. ख्रिसमसला पाठवला, दोन ओळींचा.

घरी आल्यावर पहिल्या तीन रात्री आत्मपरीक्षण विसरले. चौथ्या रात्री बसले, तीन मिनिटांत डुलकी लागली. आता फोन रात्री स्वयंपाकघरात असतो. तीनला जाग येते अजून, पण हात लांब करून मिळत नाही म्हटल्यावर उशाची जपमाळ घेते. संध्याकाळी एक रोजरी चालत म्हणते, जुन्या चपला घालून. कधी तिसऱ्या दशकातच घर येतं, मग उरलेली दोन अंगणात फेऱ्या मारून.