तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं गाव शहरात धरायचं की खेड्यात?

जनगणनेचे तक्ते एक्सेलमध्ये चाळणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे लग्नाच्या पंगतीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत कुठेही हा प्रश्न येतोच. "अरे आमच्याकडे चार मजली बिल्डिंगी झाल्या, पिझ्झा घरपोच येतो, मग आम्ही अजून ग्रामीण कसे?" आज एकदाच लिहून टाकतो.

तर जनगणना पिझ्झा मोजत नाही. नगरपालिका, महापालिका, नगरपंचायत, कॅन्टोन्मेंट असलं काही असेल तर ते सरळ शहर, विषय संपला. ग्रामपंचायत असेल तर मात्र तीन चाळण्या: वस्ती किमान 5000, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि 'मुख्य काम करणाऱ्या' (म्हणजे वर्षातले निदान सहा महिने काम असलेल्या) पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर. तिन्हीतून पार पडलं की सेन्सस टाउन, म्हणजे कागदावर शहर आणि कारभार सरपंचाकडेच. गोव्यात 2011 ला 70 शहरं धरली त्यातली 56 असली, कळंगुट त्यातलंच. म्हणून गोवा 62 टक्के शहरी आणि आख्खी मुंबई पोटात घेऊन महाराष्ट्र 45 टक्के!

आता ते 'पुरुष' परत वाचा. आमच्या गावात सकाळी साडेसहाला एमआयडीसीची बस येते, निम्मे बाप्ये तिच्यात बसून जातात आणि शेत मागे आई, काकू, शेजारची आक्का बघतात. मागे एकदा कुणीतरी माहिती भरायला घरी आलं, आईला विचारलं काय करता, तर म्हणे "काही नाही, घरीच असते", आणि हातात खुरपं, पायाला चिखल. मी म्हटलं अगं शेतात राबतेस ते सांग की, पण खरं तर तिने सांगितलं असतं तरी या चाळणीत ती धरलीच जात नाही, म्हणजे बायकांनी सगळं रान पेरलं तरी गाव 'बिगरशेती' ठरू शकतं. मला हे कधीच पटलेलं नाही.

अजून एक गंमत, 2011 चे सेन्सस टाउन 2011 च्या मोजणीवरून ठरलेच नव्हते. गणती सुरू व्हायच्या आधी शहर-खेडं ठरवावं लागतं, म्हणून 2001 चे आकडे घेऊन 4000 च्या वरची गावं चाळली होती, 2011 पर्यंत ती 5000 गाठतील या हिशोबाने. देशात असे टाउन 1362 होते ते एकदम 3900 च्या आसपास गेले.

आणि हे झालं फक्त जनगणनेचं. रिझर्व्ह बँकेचा हिशोब वेगळा, 10 हजारांच्या आत ग्रामीण, तिथून लाखापर्यंत निमशहरी. इन्कम टॅक्सचं तर विचारूच नका. एका मित्राने "ग्रामपंचायत आहे ना, मग शेतजमीन रुरल" असं धरून जमीन विकली, टॅक्स नाही म्हणून खुशीत. पण दहा लाखांवरच्या शहराच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत असेल तर ती रुरल धरत नाहीत, आणि अंतर सरळ हवाई रेषेत मोजतात. हा रस्त्याचे किलोमीटर मोजत बसला होता.

पुढची जनगणना 2027 ला, तोवर बऱ्याच ठिकाणी 2011 चाच आकडा चालवायचाय. तेव्हा मला फोन कराल तर आधी एवढं सांगा, कुणाला दाखवायचंय? बँकेला, इन्कम टॅक्सला, की मुलीकडच्यांना?