फॉक्स मस्टँग ५.०: हेड, कॅम, मॅनिफोल्ड बदललं तर नक्की किती एचपी?

पार्ट्सच्या खोक्यांवर छापलेले आकडे एकाखाली एक लिहून बेरीज मारली की कुठलंही जुनं व्ही-८ कागदावर चारशे एचपीचं होतं. हेडर्सचे (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) पंधरा, थ्रॉटल बॉडीचे (हवा आत सोडणारी झडप) दहा, कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तीस, हेडचे (व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनचा वरचा भाग) साठ. ही बेरीज खोटी का ठरते? प्रत्येक आकडा बहुधा अशा इंजिनवर काढलेला असतो, जिथे बाकीचं सगळं आधीच मोकळं केलेलं आहे. हवा मात्र फिल्टरपासून सायलेन्सरपर्यंत एकाच रांगेतून जाते, आणि त्या रांगेतली सगळ्यात अरुंद जागाच शेवटचा आकडा ठरवते. म्हणून हिशेब पार्ट्सपासून नाही, हवेपासून सुरू करायचा.

उदाहरणासाठी १९८७ ते १९९३ मधली, ‘फॉक्स’ प्लॅटफॉर्मवरची फोर्ड मस्टँग ५.० घेऊ. म्हणायला पाच लिटर, प्रत्यक्षात ४.९४ लिटर, म्हणजे ३०२ घन इंच. १९९२ पर्यंत फोर्डने तिची ताकद २२५ एचपी आणि ३०० पाउंड-फूट (४०७ न्यूटन-मीटर) टॉर्क अशी जाहीर केली होती. १९९३ ला तीच २०५ वर आणली आणि फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनच्या जागी हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनचे ओतीव) पिस्टन आले. तेव्हा हिशेबाआधी आपल्या गाडीचं साल बघा. जुन्या गाडीत एक गोष्ट त्याहून आधी: आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा वीस-पंचवीस पीएसआयने खाली असेल, तर पुढचे सगळे आकडे त्या गाडीसाठी नाहीत.

या इंजिनची अरुंद जागा म्हणजे त्याचं मूळ हेड, ई-सेव्हन. इनटेक व्हॉल्व्ह १.७८ इंच, एक्झॉस्ट १.४६. फ्लो बेंचवर (हेडमधून जाणारी हवा मोजणाऱ्या यंत्रावर) २८ इंच पाण्याच्या दाबाला इनटेक पोर्ट, म्हणजे हवा आत येण्याची वाट, साधारण १६० सीएफएम (मिनिटाला घनफूट) देतो. सीएफएमला ०.२५७ ने आणि मग सिलिंडरच्या संख्येने गुणलं की त्या हेडची कमाल मर्यादा मिळते: १६० × ०.२५७ × ८ = ३२९ एचपी. ही मर्यादा रेसच्या इंजिनची, जिथे कॅम, कॉम्प्रेशन, मॅनिफोल्ड सगळं टोकाला नेलेलं असतं. स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आली तशी गाडी त्यातले २२५ काढते, म्हणजे ६८ टक्के. हे ६८ टक्के जपून ठेवा. रस्त्यावरच्या, पंपाच्या पेट्रोलवर चालणाऱ्या, एसी असलेल्या गाडीचा तो खरा गुणांक आहे, आणि तो त्याच इंजिनने दिलेला आहे.

आता १६५ सीसी पोर्टचं चांगलं ॲल्युमिनियम हेड बसवायचं ठरलं. ०.५०० इंच लिफ्टला (व्हॉल्व्ह तेवढा उघडला असताना) ते २४० सीएफएम देतं असं धरू. मर्यादा ४९३ वर जाते, आणि ६८ टक्क्यांनी ३३५ च्या आसपास आकडा येतो. पण बेंचवर हेड एकटं होतं. त्याला मॅनिफोल्ड (हवा सगळ्या सिलिंडरांत वाटणारा भाग) लावला की तेच हेड कमी हवा देतं, आणि स्टॉक मॅनिफोल्ड तर फारच कमी. त्याचे रनर (हवेच्या नळ्या) लांब आणि बारीक. खाली टॉर्क छान, पण पाच हजार आरपीएमच्या पुढे इंजिन दमतं. स्टॉक मॅनिफोल्ड ठेवून हेड बदलणाऱ्याने ३३५ विसरावं. तसंच स्टॉक हेडवर नुसती ७५ मिलिमीटरची थ्रॉटल बॉडी लावून काही होत नाही. स्टॉकची ६० ची असते, या कामाला ६५ पुरते.

हा आकडा दुसऱ्या वाटेने पडताळून बघायचा, आणि माझा जास्त भरवसा याच वाटेवर आहे. एचपी म्हणजे टॉर्क × आरपीएम ÷ ५२५२. टॉर्क मुख्यतः क्षमतेवर ठरतो, त्यामुळे तो फार फेकता येत नाही. स्टॉक इंजिन घन इंचाला जवळपास १ पाउंड-फूट देतं. चांगलं हेड, कॅम, मॅनिफोल्ड आणि नऊ-साडेनऊ कॉम्प्रेशन रेशो असेल तर १.१ मिळतो, १.२ साठी कॉम्प्रेशन आणि कारागिरी दोन्ही लागतात. ३०२ × १.१ = ३३२ पाउंड-फूट, हा कमाल टॉर्क. पॉवर मात्र वरच्या आरपीएमला मिळते, आणि तिथे टॉर्क उतरलेला असतो. कमाल टॉर्कचे ८८ टक्के धरले तर २९२. पॉवरचं शिखर ५५०० ला आलं तर ३०६ एचपी, ५८०० ला आलं तर ३२२.

म्हणजे हेडचा हिशेब ३३५ म्हणतो, टॉर्कचा ३०६ ते ३२२. दोन्हींत कमी असेल तो धरायचा. मी या गाडीसाठी फ्लायव्हीलला ३१५ लिहीन.

शिखर कुठे येणार हे कॅम ठरवतो. ई-३०३ या प्रसिद्ध कॅमची लिफ्ट ०.४९८ इंच, ०.०५० इंच उचलीला ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो) २२० अंश, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला कोन) ११० अंश. स्टॉक कॅमची लिफ्ट ०.४४४ होती. ई-३०३ वर इंजिन साडेपाच हजारांपर्यंत ओढतं आणि आयडल थोडं खडबडीत होतं. १.६ ऐवजी १.७ चे रॉकर (कॅमची उचल वाढवून व्हॉल्व्हपर्यंत नेणारे हात) लावले तर लिफ्ट ०.५२९ होते. इथे दोन गोष्टी बिघडतात. स्टॉक स्प्रिंग एवढ्या लिफ्टच्या नाहीत. वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगतो, वेळेत बंद होत नाही, आणि पॉवर अचानक पडते. आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. १९८७ पासूनच्या पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाचा आहेत, १९८६ च्या सपाट पिस्टनला नाहीत. मोठा व्हॉल्व्ह किंवा बदललेला कोन असेल तर खाच असूनही कडा घासते.

अंदाज न बांधता माप घ्या. पिस्टनवर मऊ क्लेचा थर लावा, त्यावर तेलाचा हात फिरवा, जुनं गॅस्केट घालून हेड बसवा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढून क्ले ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागेची जाडी मोजा. इनटेकला किमान २ मिलिमीटर, एक्झॉस्टला २.५. हायड्रॉलिक लिफ्टर (कॅमची उचल पुढे ढकलणारा, तेलाने भरलेला भाग) स्टॉक स्प्रिंगखाली दबतो आणि जागा आहे असं खोटंच दाखवतो, म्हणून तपासताना हलक्या स्प्रिंग लावायच्या.

यानंतर पेट्रोल, आणि इथे गणित अगदी सरळ आहे. इंजेक्टरचा फ्लो (पाउंड प्रतितास) × ८ × ०.८५ ÷ ०.५ = तेवढ्या इंजेक्टरवर चालणारी एचपी. ०.८५ म्हणजे इंजेक्टर जास्तीत जास्त किती वेळ उघडा ठेवायचा, आणि ०.५ म्हणजे एका एचपीला तासाला लागणारं पेट्रोल पाउंडात. स्टॉकचे १९ पाउंडचे इंजेक्टर २५८ ला संपतात. २४ पाउंडचे ३२६ पर्यंत जातात, म्हणजे आपल्या ३१५ ला जेमतेम. ३० पाउंडचे घेतले तर ४०८, श्वास घ्यायला जागा राहते. पंपही बघा. स्टॉकचा ८८ लिटर प्रतितासवाला पंप याच हिशेबाने २८५-२९० एचपीपुरता, तोही नवा असताना आणि व्होल्टेज पूर्ण मिळत असताना. १५५ लिटरचा टाका.

मोठे इंजेक्टर लावताना एक सोपा मार्ग सुचवला जातो: २४ पाउंडसाठी ‘कॅलिब्रेट’ केलेला मास एअर मीटर (आत येणारी हवा मोजणारा). तो संगणकाला खऱ्याच्या ७९ टक्केच हवा दाखवतो. पेट्रोल बरोबर पडतं, पण संगणकाला वाटतं की इंजिनवर भार कमी आहे, मग तो इग्निशन टायमिंग पुढे नेतो आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन नॉक करतं (पेट्रोल अवेळी पेटून खडखडतं). मीटरची खरी माहिती आणि इंजेक्टरचं खरं माप संगणकाच्या चिपमध्ये भरून घेणं हाच योग्य उपाय. बेस टायमिंग तपासताना स्पाउटचा प्लग (तो काढला की संगणक टायमिंग बदलत नाही) काढायला विसरू नका. स्टॉक सेटिंग १० अंश. आणि गाडी १९८८ किंवा त्याआधीची असेल (१९८८ च्या कॅलिफोर्नियातल्या सोडून) तर तिच्यात मास एअर मीटरच नाही. ती मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा ठरवते. ई-३०३ सारख्या कॅमने व्हॅक्यूम पडतो आणि आयडल बिघडतं. तिथे आधी मास एअरमध्ये बदला, मग कॅम.

आता चाकांवर किती? मॅन्युअल गिअरबॉक्सला १५ टक्के तोटा धरतात: स्टॉकचे २२५ चे १९१ होतात, आणि डायनोवर (चाकांची पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) या गाड्या साधारण तेवढंच दाखवतात. पण तोट्याचा काही भाग ठरलेला असतो, पॉवरबरोबर वाढत नाही. त्यामुळे ३१५ चे सरळ २६८ न धरता २७० ते २८० लिहावेत. ऑटोमॅटिकला तोटा २० टक्क्यांच्या घरात. गिअरबॉक्स बोलण्यापुरता मजबूत आहे: १९९० पासूनचा टी-फाइव्ह ३०० पाउंड-फूटचा. चिकट टायर लावून क्लच सोडाल तर तिसरा गिअर आधी जाईल. ब्लॉकची चिंता ५०० च्या आसपास सुरू होते.

डायनोचा कागद हातात आला की आधी करेक्शन, म्हणजे हवेच्या स्थितीसाठी आकड्यात केलेली दुरुस्ती, कुठल्या पद्धतीचं आहे ते बघा. ‘एसटीडी’ करेक्शन ‘एसएई’पेक्षा चार टक्के जास्त दाखवतं, २७५ चे २८६ तिथेच होतात. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या १६०० मीटर उंचीवर इंजिन साधारण १५ टक्के पॉवर गमावतं, पुण्याच्या ५६० मीटरवर पाच-सहा. कागदावरचा दुरुस्त आकडा आणि त्या गावात गाडीला प्रत्यक्ष मिळणारा आकडा वेगळे असतात.

डायनोपेक्षा स्वस्त पडताळणी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) होते. पाव मैलाच्या शेवटचा वेग मैलांत घ्या, २३४ ने भागा, उत्तराचा घन करा, ड्रायव्हरसकट वजनाने (पाउंडात) गुणा. ३४०० पाउंड आणि ९५ मैल म्हणजे २२७ एचपी, स्टॉक गाडीशी जुळतं. ३१५ साठी १०६ मैल दिसायला हवेत. वेळ नाही, वेगच बघायचा. वेळ टायर आणि क्लचवर अवलंबून असते. १०० च्या पुढे वेग जात नसेल तर आकडा २६५ चा आहे. मग पूर्ण थ्रॉटलला पेट्रोलचा दाब मोजा (व्हॅक्यूमची नळी काढून ३९ पीएसआय), कॅम टायमिंगची खूण एक दात सरकली आहे का बघा, आणि जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून तुंबला नाही ना, हे ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात गेज लावून तपासा. पूर्ण थ्रॉटलला तिथे तीन पीएसआयच्या वर दाब दिसला तर अरुंद जागा सापडली.