ट्रान्स ॲम आणि बाबांचा प्रश्न

ऑगस्टातला तिसरा शनिवार आमच्या डेट्रॉइटकडे कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागत नाही. १९९५ पासून त्या दिवशी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. फर्नडेलपासून पार पाँटियाक शहरापर्यंत लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून जुन्या गाड्या जात राहतात. चिंचवडची नोकरी सोडून इथे आलो तेव्हा वाटलं होतं, दोरीपलीकडून बघायचं प्रदर्शन असेल. पण या गाड्या चालत होत्या, तापत होत्या, सिग्नलला उभ्या राहून धडधडत होत्या.

सगळे १९६९-७० च्या मसल कारसाठी, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या दांडग्या गाड्यांसाठी, थांबतात. माझा जीव मात्र त्यानंतरच्या चार वर्षांवर आहे.

१९७० साली शेव्हरलेच्या शेव्हेल एसएस ४५४ या गाडीच्या एलएस-६ इंजिनाची ताकद ४५० अश्वशक्ती सांगितली जायची. लगेच उतार लागला. तरुण पोरांच्या अशा गाड्यांचे विम्याचे हप्ते अवाच्या सवा वाढले होते. हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा आला. शिशाविना पेट्रोलवर चालावीत म्हणून १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबायचं ते, उतरवलं. १९७२ पासून अश्वशक्तीचे आकडेही ढोबळ न देता निव्वळ द्यायला लागले, म्हणजे एअर फिल्टर, अल्टरनेटर, सायलेन्सर सगळं जोडून मोजलेले. त्यामुळे कागदावरची घट खऱ्या घटीपेक्षा मोठी दिसते, हे इथले जाणकारही कधी कधी विसरतात. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पंपांवर रांगा लागल्या.

आणि नेमक्या याच दिवसांत जनरल मोटर्सच्याच पाँटियाक कंपनीच्या इंजिनियरांनी ट्रान्स ॲम या गाडीसाठी सुपर ड्यूटी ४५५ हे इंजिन विक्रीला आणलं! ४५५ घन इंच म्हणजे जवळपास साडेसात लिटर. एकेक सिलिंडर ९३० सीसीचा. आपल्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं. कॉम्प्रेशन फक्त ८.४, तरी निव्वळ २९० अश्वशक्ती. ब्लॉक जाड आणि मजबूत, हेडमधले हवा आत-बाहेर जाण्याचे मार्ग, म्हणजे पोर्ट, निराळे. अशा उतरत्या काळात एवढा खर्च कोण करतं? १९७३ मध्ये या इंजिनाच्या ट्रान्स ॲम जेमतेम अडीचशे निघाल्या, १९७४ मध्ये हजाराच्या आत. इंजिन बनवणारा माणूस म्हणून मला या हट्टापुढे हात जोडावेसे वाटतात.

रॉयल ओकला अशी एक १९७४ ची ट्रान्स ॲम उभी होती. मालक सत्तरी ओलांडलेले, कारखान्यातून निवृत्त झालेले. मी बघतच राहिलो तसं त्यांनी बॉनेट उघडलं. या गाडीचा हवेचा स्कूप, म्हणजे हवा घेण्याचं फुगीर तोंड, बॉनेटला नसतो, थेट इंजिनावर बसवलेला असतो आणि बॉनेटच्या भोकातून वर डोकावतो. त्याचं तोंड मागे, काचेकडे. त्यांनी गाडी चालू करून ॲक्सिलरेटर दाबला, तसा तो अख्खा स्कूप एका बाजूला कलला. इंजिन जागच्या जागी पिळतंय, हे डोळ्यांनी दिसत होतं.

मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची हयात मशीन शॉपमध्ये गेली. घरी रात्र झाली होती, तरी चष्मा लावून त्यांनी नीट बघितलं. रंगाबद्दल, बॉनेटवरच्या पंख पसरलेल्या पक्ष्याबद्दल एक शब्द नाही.

"कनेक्टिंग रॉड कास्टिंगचे की फोर्जिंगचे, विचार."

मी विचारलं. गाडीच्या मालक आजोबांचा चेहरा एकदम खुलला. साध्या ४५५ मध्ये कास्टिंगचे, म्हणजे ओतीव, असायचे, यात फोर्जिंगचे, म्हणजे दाबून घडवलेले आणि जास्त मजबूत, असं म्हणून त्यांनी माझा फोन हातात घेतला आणि पुढची वीस मिनिटं दोघं बोलत होते. बाबांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण बोअर, स्ट्रोक, बेअरिंग या शब्दांवर त्यांचं काही अडलं नाही.

त्याच वर्षी, १९७४ च्या एप्रिलमध्ये, प्लिमथ कंपनीच्या बॅराकुडा गाडीचं उत्पादन थांबलं. तीही माझी लाडकी, विशेषतः ३४० घन इंचांच्या इंजिनाची. पण तिच्याबद्दल पुन्हा केव्हातरी सविस्तर.

येत्या ऑगस्टात आई-बाबा इथे येताहेत. आजोबांचा निरोप आला आहे: खुर्ची आणू नका, बाबांना गाडीत पुढे बसवणार आहेत.