तार नेमकी कुठे खरखरते?

मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सतत एसी चालणाऱ्या खोलीत आकसतं. मग गिटार खरखरू लागते. लगेच सॅडल (गिटारच्या खालच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात ती) उंच करू नका, ती घाई सगळ्यात जास्त नडते.

स्वर नीट लावून प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (मानेवरची, म्हणजे लांब दांड्यावरची, धातूची आडवी पट्टी) वाजवा. फक्त मोकळी तार खरखरली तर नटची (मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात ती) खाच बहुधा खोल गेली आहे. एकाच जागी खरखर असेल तर पुढचा फ्रेट वर आलेला असतो. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळीकडे असेल, तर मान मागे वाकली असण्याची शक्यता मोठी.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाडी तार चौदाव्यावर दाबा आणि सातव्याजवळ तार आणि फ्रेटच्या मध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकवा. फट 0.2 ते 0.25 मिमी हवी. तार फ्रेटला टेकलीच असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक बदलणारी सळई) चावीने घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा. पुन्हा स्वर लावा, पुन्हा मोजा. चावी अडली तर जोर अजिबात नको, कारागिराकडे न्या. नायलॉन तारांच्या बऱ्याच गिटारींत हा रॉड नसतोच.

मान ठीक असेल तरच सॅडलकडे वळा. बाराव्या फ्रेटवर उंची 0.25 मिमी वाढवायला सॅडल 0.5 मिमी उचलावं लागतं.