एकोणीस जीव आणि भिंतीवरचं कालनिर्णय

सकाळी सव्वासातला फोन वाजला. "डॉक्टर, सरडा उठत नाहीये. आणि खोली नुसती गार पडलीये."

आवाज ओळखीचा नव्हता, पण पत्ता ऐकल्यावर आठवलं. कोथरूडचा तो मुलगा इग्वाना (मोठा हिरवा परदेशी सरडा) घेऊन दोनदा क्लिनिकला आला होता. फोनवर त्याची आई होती. तो स्वतः सप्टेंबरपासून नोकरीसाठी हैदराबादला.

मी मुळात कुत्र्या-मांजरांची डॉक्टर. सरपटणारे पेशंट माझ्याकडे वळले ते आसपास दुसरं कुणी बघत नव्हतं म्हणून. घरी जाऊन तपासायला मी सहसा नाही म्हणते. पण डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात पहाटे काय गारठा असतो ते माहीत होतं, आणि "खोली गार पडलीये" हे शब्द मला सरड्यापेक्षा जास्त खटकले. सगळे हिटर एकदम बंद पडल्याशिवाय खोली अशी गार पडत नाही.

तसंच झालं होतं. रात्री कधीतरी एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारी कळ, पडली होती. बेडरूममधले सगळे दिवे, सिरॅमिक हिटर, हीट मॅट एकाच पॉइंटवर, एकाला एक जोडलेल्या दोन एक्स्टेंशन बोर्डांवर. इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखे नि ट्यूबलाइट. खोलीतला थर्मामीटर पंधरा दाखवत होता.

मी मोजायला लागले. बॉल पायथन (छोट्या जातीचे परदेशी अजगर) सहा. कॉर्न स्नेक तीन. बिअर्डेड ड्रॅगन चार (काकूंच्या भाषेत 'सरडे'; फोनवरचा तो त्यांतलाच एक). इग्वाना एक. लाल कानांची कासवं पाच. एकोणीस. शिवाय ड्रॅगनच्या खाण्यासाठी पाळलेल्या झुरळांचा डबा, तो वेगळाच.

पहिले दोन तास ऊब देण्यात गेले. असं थंडावलेलं जनावर घाईने तापवायचं नसतं. थर्माकोलचे खोके, टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या, शेजाऱ्यांचा रूम हिटर लांब कोपऱ्यात. काकू कमरेला पदर खोचून बाटल्या भरत होत्या. मध्येच त्यांनी सांगितलं, "काल रात्रीच दोन अजगरांना उंदीर दिलेत हो." माझ्या पोटात गोळा आला. अंगात ऊब नसेल तर सापाला पचवता येत नाही, खाल्लेलं पोटातच सडतं. दुपारपर्यंत एकाने उंदीर ओकला. बरंच झालं म्हणायचं.

मग एकेकाला हातात घेऊन तपासायला सुरुवात केली आणि गार खोली ही त्या घरातली सगळ्यात छोटी अडचण निघाली. एका पायथनच्या पाण्याच्या भांड्यात तळाशी काळे ठिपके दिसले, मोहरीहूनही बारीक. गोचिडाच्या जातकुळीतले किडे. डोळ्यांच्या कडांना, हनुवटीच्या खवल्यांखाली तेच. शेजारच्या सापाच्या टबमध्येही. नवा साप आणला की तो किमान दोन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या बादलीने सांभाळायचा असतो. वन बीएचकेमध्ये ती वेगळी खोली आणणार कुठून? नऊ सापांना एकच चिमटा होता.

त्यात मेख अशी, की सापांच्या किड्यांवर जे आयव्हरमेक्टिन वापरतात ते कासवाला विष आहे. त्याच खोलीत पाच कासवं, त्याच काकूंचे हात, तीच बादली. म्हणून ते औषध मी बॅगेतून बाहेरच काढलं नाही, दुसरी लांबची वाट धरली: प्रत्येक टब रिकामा करायचा, उकळत्या पाण्याने धुवायचा, खाली साधा कागद घालायचा आणि दर चार दिवसांनी हेच पुन्हा. नऊ टब. किमान सहा आठवडे.

इग्वानाचा खालचा जबडा दाबून पाहिला तर रबरासारखा वाकला. एमसीबी पुन्हा वर केल्यावर डोक्यावर अतिनील ट्यूब लखलखत होती. "कधी बसवली?" काकूंना माहीत नव्हतं. मुलाने नंतर सांगितलं, दोन वर्षं झाली. ट्यूब डोळ्यांना पेटलेली दिसते, पण तिच्यातले कामाचे किरण वर्षभरात बरेच आटतात. ते नसले की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर स्वतःच्याच हाडांतून ते काढून घेतं. मुलाने कॅल्शियमची पावडर नियमित पाठवली होती, काकूंनी नियमित भुरभुरवली होती.

दुपारी चहाला स्वयंपाकघरात बसले. समोर कालनिर्णय. काकूंचा सगळा कारभार त्याच्या चौकोनांत चाले. ऑगस्टचं पान उलटून पाहिलं तर नेहमीचं घर: 'दूध नको', 'गॅस लावला', 'संकष्टी'. ऑक्टोबरपासून अक्षर बारीक होत गेलेलं. 'काळू उंदीर', 'टाकी पाणी', 'हिरवा पाला – लसूणघास मिळाला नाही'. डिसेंबरच्या पानावर पांढरी जागाच उरली नव्हती. एका चौकोनात 'डोळे तपासणी' लिहून खोडलेलं आणि वर 'मोठी टाकी'.

"मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "पण सकाळी कासवांची टाकी उपसायची असते ना."

मग मुलाला व्हिडिओ कॉल लावला. वाईट मुलगा नव्हे. घाबरला होता. माझ्या रागाचं काय करायचं ते मला कळेना, कारण त्याला जनावरांची जी माहिती होती ती बऱ्याच डॉक्टरांना नसते. "मॅडम, साप रॅकमध्ये राहतात, जागा कुठे लागते? आठवड्याला एकदा खाणं. एक असला काय नि सहा असले काय."

मी म्हटलं, हिशोब करू. कागदावर लिहीत गेले आणि काकू दुरुस्त करत गेल्या. चार ड्रॅगनांचा पाला चिरणं, झुरळं खाऊ घालणं, साफसफाई: रोजचा तास. इग्वाना अर्धा तास. नऊ सापांचं पाणी आणि नुसतं नीट बघणं, वीस मिनिटं. कासवं पाव तास, आणि आठवड्यातून दोनदा टाकी उपसायची ती दीड-दीड तास. झुरळांचा डबा. सापांचे टब. सगळं वाटून रोजचे सव्वातीन तासांच्या आसपास आले. तेही सगळे ठणठणीत असताना. आता त्यात किड्यांचे नऊ टब आणि इग्वानाची इंजेक्शनं.

"तू टाक्या मोजल्यास," मी म्हटलं. "मोजायचा तो दिवस वेगळा. तुला ताप आलाय, लाइट गेलीये आणि त्यातलं एक आजारी पडलंय. त्या दिवशी कितीजणांचं नीट होईल?"

तो गप्प. काकूच बोलल्या, "हे अजगर जगतात किती हो?"

"पंचवीस-तीस वर्षं सहज."

"मी बासष्टची आहे." पुढची बेरीज त्यांनी मोठ्याने केली नाही.

कागदांचा विषय मला काढावाच लागला. 2022 मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, 2024 मध्ये नियम आले, आणि बॉल पायथन, इग्वाना अशा परदेशी जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक झालं. पिल्लं झाली तरी कळवायचं, मेलं तरी कळवायचं. याच्या सहापैकी दोनच पायथनांची नोंद होती. (क्लिनिकमध्ये लोक पिशवीतून चांदणी कासव काढून दाखवतात, लक्ष्मी येते म्हणून घेतलंय म्हणतात. तिथे किती पाळावीत हा प्रश्नच नाही. उत्तर शून्य.)

जो सरडा सकाळी उठत नव्हता तो संध्याकाळी पाचला गेला. काकूंनी त्याला जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं. त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. चार-पाच जणांचीच नावं त्यांच्या लक्षात राहिली होती, बाकी 'तिसऱ्या खणातला', 'पिवळा', 'तो फुसफुसणारा'. हे मला त्या सगळ्या हिशोबापेक्षा नेमकं वाटलं. तेव्हापासून मी घरच्यांना आधी नावं विचारते. जिथे नावं संपतात तिथे बहुतेक वेळा दुर्लक्ष सुरू झालेलं असतं.

मुलगा त्याच शनिवारी आला, पंधरा दिवसांची रजा टाकून. आल्या आल्या इलेक्ट्रिशियन बोलावून दोन वेगळ्या लाइन ओढून घेतल्या. कासवं तळ्यात सोडू का, असं त्याने एकदा विचारलं आणि माझं तोंड बघून पुन्हा विचारलं नाही. ही परदेशी कासवं आपल्या कासवांच्या तोंडचा घास आणि उन्हाची जागा दोन्ही पळवतात. पाचही कासवं शेवटी बंदिस्त हौद असलेल्या त्याच्या एका मित्राकडे गेली. कॉर्न स्नेक आणि उरलेले तीन ड्रॅगन, किडे पूर्ण गेल्यावर, दोन घरांत वाटले गेले. ज्या पायथनांची नोंद नव्हती त्यांच्यासाठी त्याला वन विभागात खेटे घालावे लागले. ती गोष्ट लांबलचक आहे आणि त्याची त्यानेच सांगावी.

इग्वाना द्यायला काकू तयार झाल्या नाहीत. "त्याला माझ्या हातचा पाला लागतो." जबडा घट्ट व्हायला तीन महिने लागले. नवी ट्यूब बसवली त्या दिवशी त्यांनी तारीख कालनिर्णयावर लिहिली, आणि ट्यूबच्या पत्र्यावरही, स्केचपेनने.

मार्चमध्ये इग्वानाच्या शेवटच्या तपासणीला मीच घरी गेले. पान बऱ्यापैकी मोकळं होतं. एका चौकोनात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'डोळे ऑपरेशन, 11 वाजता'. खोडलेलं नव्हतं. खाली छोट्या अक्षरात 'हिरव्याचा पाला: शेजारच्या वहिनी'.