हो, पण जेवायला काय?

पोट भरेल असं सूप कसं करता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्याकडे रात्री कुणी येणार असेल तर आज सूप आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, ‘हो, पण जेवायला काय?’ भिडस्त माणसं तोच प्रश्न जरा वळणानं विचारतात, ‘नुसत्या सूपानं भरतं का हो पोट?’

तुमच्या डोळ्यांसमोर जे सूप आहे त्यानं नाहीच भरत. जेवणाआधी येणारं, कॉर्नफ्लोअर लावून चकचकीत केलेलं आणि चार चमच्यांत संपणारं ते प्रकरण मी करतही नाही. गंमत अशी, की ‘सूप’ हा शब्द मुळात पातळ पदार्थाचा नव्हेच. जुन्या फ्रेंचमध्ये सूप म्हणजे पावाचा तुकडा, ज्यावर कढत रस्सा ओतायचे तो. पुढे पावाचं नाव रश्श्याला चिकटलं आणि पाव बिचारा बाजूला पडला.

फ्रेंच कांद्याच्या सूपात तो अजून तग धरून आहे, डोक्यावर चीज घेऊन तरंगत असतो. पण त्याचा खरा मान इटलीतल्या टस्कनी प्रांताच्या रिबोलिता या सूपात. रिबोलिता म्हणजे ‘पुन्हा उकळलेलं’. कांदा, गाजर, सेलरी, पांढरा राजमा, काळपट हिरव्या पानांचा केल यांचं आदल्या दिवशीचं सूप आणि त्यात शिळा, कडक झालेला पाव. टस्कनीत पाव बिनमिठाचा करतात, त्यामुळे तो सूपाच्या चवीत लुडबुड करत नाही.

पाव घातल्यावर पहिली पाच मिनिटं काही खरं नसतं. तुकडे वेगळे, पाणी वेगळं. आता हे वाया गेलं, असं मला अजूनही दरवेळी वाटतं. मग तुकड्यांच्या कडा विरायला लागतात, पळी जड होते आणि पातेल्याचा आवाज बदलतो. आधीची खळखळ थांबते, एखादाच जाड बुडबुडा फद्दकन फुटतो. याला मी मिळून येणं म्हणते. पोट भरणारं सूप म्हणजे मिळून आलेलं सूप, एवढंच माझं उत्तर आहे. कॉर्नफ्लोअरनं दाटपणा येतो, पण खाल्ल्यासारखं काही वाटत नाही.

सूप मिळून आणायचं हे काम प्रत्येक ठिकाणी कुणीतरी वेगळं करतं. मला सगळ्यात आवडते कोलंबियातल्या बोगोटाच्या आहियाको या सूपाची युक्ती. कोंबडी आणि मक्याच्या कणसाच्या तुकड्यांबरोबर त्यात तीन जातींचे बटाटे पडतात. त्यातला पापा क्रिओया नावाचा छोटा पिवळा बटाटा शिजता शिजता पार विरघळून जातो आणि सूप दाट करतो, बाकीचे फोडी होऊन चमच्यात येतात. एकानं विरायचं, इतरांनी टिकायचं. आपल्याकडे ती जात नसली, तर एक पिठूळ बटाटा आणि एक चिकट बटाटा घेऊनही निभावतं. मोरोक्कोच्या हरीरात मसूर आणि छोले असतातच, वर शेवटी पीठ कालवून लावतात. ग्रीकांच्या अव्गोलेमोनोत अंडं आणि लिंबू. तिथे मात्र घाई नको. फेटलेल्या अंड्यात कढत रस्सा पळीपळीनं घालायचा, मग ते पातेल्यात ओतायचं आणि पुन्हा उकळी येऊ द्यायची नाही. नाहीतर अंडं फुटून नुसत्या चिंध्या.

हैतीमध्ये हे काम भोपळा करतो. सूप जूमू तिथे १ जानेवारीला घरोघरी शिजतं, कारण १८०४ साली त्याच दिवशी तो देश स्वतंत्र झाला. फ्रेंच मालकांसाठी हे सूप रांधणाऱ्या गुलामांना ते खायला मनाई होती, असं तिथले लोक सांगतात. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हे कळल्यापासून भोपळ्याला नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना मी ही गोष्ट ऐकवते. निम्मे तरी चव घेऊन बघतात.

आता फजिती. पहिल्यांदा रिबोलिता केलं तेव्हा मी भिजवलेला राजमा आणि टोमॅटो एकदमच पातेल्यात टाकले. तीन तास रटरटूनही दाणे खड्यासारखे. आंबटपणामुळे दाण्याच्या पेशींना सांधून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही, हे मला नंतर कळलं. अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो, म्हणून तो वाढायचीही सोय नव्हती. त्या रात्री पाहुण्यांनी पाव आणि चीज खाल्लं आणि ‘जेवायला काय?’ हा प्रश्न पहिल्यांदाच रास्त ठरला. तेव्हापासून राजमा आधी वेगळा, खळखळून उकळून मऊ शिजवते आणि टोमॅटो मागाहून घालते. शिजवलेलं पाणी मात्र फेकायचं नाही. दाण्यांतलं पीठ त्यात उतरलेलं असतं, तेच सूपात जातं.

तर शनिवारी येणार असाल तर गुरुवारपर्यंत कळवा. शुक्रवारी करून ठेवावं लागतं.